माळ्यावरचा टीव्ही कुणाच्या हाती द्यायचा?

दिवाळीच्या आधी माळा उतरवायला घेतला की दरवर्षी त्याच त्या वस्तू खाली येतात, ओल्या फडक्याने पुसल्या जातात आणि पुन्हा वर जाऊन बसतात. पाठीला पोक आलेला जुना रंगीत टीव्ही, कॅसेट अडकलेला टेपरेकॉर्डर, दोन मिक्सर (एकाची मोटर गेलेली, दुसऱ्याची भांडी), कुठल्या यंत्राच्या आहेत ते कुणालाच आठवत नाही अशा वायरींचा गुंता, आणि बिस्किटांच्या डब्यात एकावर एक रचलेले पाच-सहा मोबाइल. "असू दे, कधी लागला तर," असं घरातलं कुणीतरी म्हणतं. बहुतेक वेळा पुरुषमाणूसच म्हणतो, कारण पुसायचं काम त्याच्याकडे नसतं.

या विषयावर माणहून एका भगिनीचं चांगलं लांबलचक पत्र आलं आहे. तिचं घर फेज थ्रीमधल्या एका मोठ्या संकुलात. मधली दोन वर्षं ते भाड्याने दिलं होतं. अकरा महिन्यांचा करार दुसऱ्यांदा संपला, भाडेकरूंना दुसऱ्या शहरात नोकरी लागली, ते घाईने गेले आणि जाताना ड्राय बाल्कनीत ठेवून गेले एक जुना टीव्ही, एक प्रिंटर, इन्व्हर्टरची बॅटरी आणि पिशवीभर चार्जर. भंगारवाला सगळ्याचे मिळून सहाशे रुपये द्यायला तयार आहे. यजमान म्हणतात, देऊन टाक, बाल्कनी मोकळी होईल. पण ही भगिनी स्वतः तिथल्याच एका कंपनीत कामाला जाते. तिथे साधा माऊस बिघडला तरी त्याची कागदावर नोंद होते, सही होते, मग तो ठरलेल्या पेटीत जातो. तिने विचारलं आहे की ऑफिसातला माऊस एवढ्या इतमामाने जातो, तर घरातला टीव्ही हातगाडीवरून जातो तरी कुठे?

प्रश्न मला फार आवडला. आणि तो माणमधूनच यावा हेही साहजिक आहे. मुळशी तालुक्यातलं हे गाव एके काळी भातखाचरांचं. आता राजीव गांधी आयटी पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या जमिनीवर पसरला आहे आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोची सुरुवातही माणपासूनच आहे. एका बाजूला काचेच्या इमारती, त्यांत हजारो संगणक. दुसऱ्या बाजूला राहत्या घरांचे मनोरे, त्यांतही हजारो टीव्ही, फ्रिज, मिक्सर. आणि मध्ये जुनं गावठाण. यंत्रं तिन्हीकडे आहेत, पण त्यांना लागू असलेला कायदा एक नाही.

केंद्र सरकारने ई-कचऱ्याचे नियम पहिल्यांदा २०११ साली केले, ते २०१२ च्या मे महिन्यापासून लागू झाले. मग २०१६ साली नवे नियम आले आणि २०२२ साली पुन्हा नवे, जे १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. या शेवटच्या नियमांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. ज्या संस्थेत यादीतली निदान एक हजार यंत्रं वापरात आहेत ती संस्था 'मोठी ग्राहक' ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणी झालेल्या माणसाकडेच द्यावा लागतो. म्हणून त्या माऊसचा एवढा मान! आपल्या घरात हजार यंत्रं नसतात, त्यामुळे गृहिणीवर तशी सक्ती नाही. जबाबदारी टाकली आहे ती वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर. तिने विकलेल्या मालापैकी ठरावीक हिस्सा पुढे मोडीत नीट निघाला, हे तिला सरकारला दाखवावं लागतं. हा हिस्सा २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के होता, पुढच्या दोन वर्षांसाठी ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के.

कायदा म्हणून हे उत्तमच आहे. पण कंपनीच्या दारापर्यंत तो टीव्ही पोचवणार कोण? मधला रस्ता आपल्या स्वयंपाकघरातून जातो, आणि तिथे निर्णय आपण घेतो, तोही भंगारवाला खाली उभा असताना पाच मिनिटांत.

आपल्याकडे मोडीत देणं ही काही नवी गोष्ट नाही. तांब्याचा हंडा फुटला, पितळेची परात झिजली, की कासाराकडे मोड घालायची आणि वर चार पैसे टाकून नवं भांडं आणायचं. बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची, तेही घासाघीस करकरून. सोन्याची मोड तर आपल्यासमोरच काट्यावर चढते. या सगळ्या व्यवहारांत एक गोष्ट पक्की होती. वस्तू एका जातीची होती. पितळ वितळलं की पितळच. त्यातून कुणाला बाधा होत नसे. आपल्या मनात तोच हिशेब अजून बसलेला आहे, म्हणून टीव्हीही आपण वजनावर विकतो. पण टीव्ही म्हणजे परात नव्हे.

त्या पोटाच्या टीव्हीची मागची जाड काच घ्या. आतून येणारे किरण अडवण्यासाठी त्या काचेत शिसं मिसळलेलं असतं. मोठ्या टीव्हीत ते किलो-दोन किलोसुद्धा भरतं. समोरच्या पडद्याला आतून चमकणारी भुकटी असते. आतल्या हिरव्या पाटीवर डाग देण्यासाठी वापरलेलं शिसं, थोडं तांबं, किंचित चांदी, आणि सोन्याचा जेमतेम मुलामा. वायरींवर प्लॅस्टिक. जुन्या कॉर्डलेस फोनच्या सेलमध्ये कॅडमियम. जुन्या सपाट टीव्हीच्या पडद्यामागच्या बारीक नळ्यांत पारा. वस्तू घरात चालू असताना यातलं काहीही आपल्याला बाधत नाही, हे आधी सांगते, नाहीतर उद्या कुणी टीव्हीला पदर लावून फिरायची! बाधा होते ती फोडताना आणि जाळताना.

भंगाराच्या धंद्यात पैसा तांब्यात आहे. तांबं लवकर सुटावं म्हणून वायरी पेटवतात. वरचं प्लॅस्टिक जळताना डायॉक्झिनसारखे विषारी वायू निघतात. हिरव्या पाट्या चुलीवर किंवा शेगडीवर तापवून त्यावरचे सुटे भाग ओढून काढतात, मग त्याच पाट्या सोन्यासाठी आम्लात बुडवतात आणि उरलेलं आम्ल नाल्यात. दिल्लीतलं सीलमपूर आणि रामगंगेकाठचं मुरादाबाद ही गावं या कामासाठी प्रसिद्ध झाली, तीही चांगल्या अर्थाने नव्हे. काचेला गिऱ्हाईक नसतं. ती फुटून तशीच पडते.

आणि हे काम करतं कोण? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच विषयावर एक अहवाल काढला. जगभरात कचऱ्याच्या अशा विनानोंदणी कामात १ कोटी २९ लाख स्त्रिया असाव्यात, असा त्यात अंदाज आहे. त्यांना आणि त्यांच्या पोटातल्या बाळांना या विषांचा धोका आहे, आणि कामात गुंतलेली काही मुलं तर पाच वर्षांची आहेत. शिशाचा सगळ्यात वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो. ज्या मुलाला शाळेत अक्षर लागत नाही म्हणून मास्तर ओरडतात त्याच्या घराच्या अंगणात काय जळतं हे कुणी विचारत नाही.

हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असं समजू नका. चिखलीजवळची कुदळवाडी पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला माहीत नाही? कारखान्यांच्या पट्ट्यातलं भंगार वर्षानुवर्षं तिथल्या गोदामांत जमा होई. पत्र्याच्या शेडला शेड लागून, आणि आगी तर वरचेवर लागत. २०२४ च्या डिसेंबरात तिथे मोठी आग लागली आणि धुराचे लोट दुरून दिसले. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली अनधिकृत बांधकामं पाडायला घेतली. काही दिवसांत सुमारे ४ हजार शेड, गोदामं आणि छोटी वर्कशॉप जमीनदोस्त झाली. कुणाला ते योग्य वाटलं, कुणाचा रोजगार गेला. मला त्या वेळी एकच वाटत होतं. गोदाम पडलं म्हणून आपल्या माळ्यावरचं भंगार काही थांबत नाही. ते कुठेतरी जाणारच, आणि ज्याच्याकडे पक्की जागा नाही तो ते आणखी लांब, आणखी आडबाजूला नेऊन फोडणार.

इथे काही जणी म्हणतील, मग भंगारवाल्याला दारातच उभं करायचं नाही का? तसं माझं म्हणणं मुळीच नाही, आणि या बाबतीत मोठ्या सोसायट्यांतल्या नोटिसा मला पटत नाहीत. "भंगारवाल्यांना प्रवेश बंद" अशी पाटी लावली की आपण फार जबाबदार झालो असं वाटतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती याच कामातल्या माणसांची, आणि त्यांत बहुसंख्य बायका. पुढे २००८ साली त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि पुणे महापालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. जुन्या मोठ्या वस्तू आणि ई-कचरा घेण्याचंही काम ती करते. म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईने तो टीव्ही उचलण्यात काही वाईट नाही. उचलणं, वाहून नेणं, वेगळं करणं हे तिच्याइतकं कुणाला जमत नाही. फोडणं आणि जाळणं मात्र तिच्या पदरी येता कामा नये. आपल्याकडून वस्तू अखंड जावी, अखंडच पुढे पोचावी आणि फोडणाऱ्याकडे त्यासाठी पक्की शेड, यंत्र आणि परवाना असावा, एवढं आपण पाहायचं.

म्हणून रोजच्या भंगारवाल्याला रद्दी, पत्रा, लोखंडी कपाट, प्लॅस्टिकच्या बादल्या खुशाल द्या. ज्याला प्लग आहे किंवा जे सेलवर चालतं ते मात्र वेगळ्या खोक्यात ठेवा. त्याने टीव्ही तुमच्याच जिन्यात फोडून फक्त तांब्याचं वेटोळं न्यायचं ठरवलं (असं करतात बरं का, काच वाहायला जड पडते ना), तर सरळ नाही म्हणा.

आता त्या माणच्या भगिनीच्या बाल्कनीकडे वळू.

बॅटरीचा प्रश्न सगळ्यात सोपा. इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे शिसं आणि आम्ल. बॅटरीच्या दुकानात नवी घेताना जुनीचे पैसे वजा करून देतात आणि नवी घ्यायची नसली तरी बरेच दुकानदार जुनी वजनावर घेतात. जुनी बॅटरी दुकानाने परत घ्यावी असा नियम २००१ पासूनच आला आणि या धंद्याला तो अंगवळणी पडला आहे. तेवढं करा, पण बॅटरी आडवी करून रिक्षात घालू नका आणि "पाणी काढून हलकी करतो" असं कुणी म्हणालं तर ते आम्ल आपल्या मोरीत ओतू देऊ नका. साडीवर एक थेंब उडाला की दुसऱ्या धुण्याला तिथे भोक पडलेलं दिसतं, हे ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांना सांगायला नको.

टीव्ही आणि प्रिंटर यांना दोन वाटा आहेत. वस्तू ज्या कंपनीची आहे तिच्या संकेतस्थळावर किंवा तिच्या मोफत क्रमांकावर विचारा की तुमची जुनी वस्तू कशी परत घेता. कंपनी बंद पडली असेल तर, आणि आपल्या माळ्यावरच्या पुष्कळ नावांच्या कंपन्या आता उरलेल्याच नाहीत, दुसरी वाट धरायची. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ई-कचऱ्याचं काम करणाऱ्या मान्यताप्राप्त कारखान्यांची यादी असते. त्यांत पुणे जिल्ह्यातलेही आहेत. फोन करून दोनच गोष्टी विचारा: तुमची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आहे का, आणि वस्तू घेतल्याची पावती देता का. खरा माणूस लगेच क्रमांक सांगतो. जो "ताई, काही काळजी करू नका" एवढंच म्हणतो त्याची काळजी करा.

अडचण अशी की एका टीव्हीसाठी त्यांची गाडी माणपर्यंत येत नाही. आली तरी वाहतुकीचं भाडं तुमच्या माथी. आणि त्यात दुसरी मेख अशी की २०२२ च्या नियमांप्रमाणे कारखान्याला जो हिशेब दाखवून मोबदला मिळतो तो सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंचा. तुमच्या टीव्हीत वजन आहे ते काचेचं. त्यामुळे लॅपटॉपला हसत हात पुढे करणारे लोक पोटाच्या टीव्हीला नाक मुरडतात. उपाय एकच, मोट बांधायची. तीस घरांतल्या वस्तू एकत्र आल्या की त्यांत लॅपटॉप, मोबाइल, मिक्सर, फ्रिज असतातच, गाडीचं भाडं सुटतं आणि त्यांच्याबरोबर तो टीव्हीही जातो.

आणि मोट बांधायला आपल्याइतक्या सवयीच्या कोण आहेत? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला घरोघरी बायका जमतातच. वाण लुटायला येताना प्रत्येकीने डब्यातला एक बंद मोबाइल आणि दोन चार्जर आणायचे, असं एका वर्षी ठरवून तर पाहा! पुण्यातली पूर्णम इकोव्हिजन ही संस्था प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास ई-यंत्रण नावाची ई-कचरा गोळा करण्याची मोहीम घेत आली आहे. दिवसही नेमके तेच पडतात. संकुलात तळमजल्यावर एक खोली किंवा पार्किंगचा कोपरा दोन दिवस मिळाला की काम होतं. पावसाची झड लागणार नाही अशी जागा मात्र बघा. आणि गावठाणातल्या घरांनाही निरोप द्या. त्यांच्याही माळ्यांवर तेच आहे, शिवाय गावात भंगार जळलं तर तो धूर मनोऱ्याच्या विसाव्या मजल्याला काही चुकत नाही.

पैशांचा मुद्दा लपवून ठेवण्यात अर्थ नाही. भंगारवाला सहाशे देत होता. त्यात बॅटरीचाच वाटा मोठा होता, आणि तो दुकानदाराकडून तुम्हाला मिळेलच. टीव्ही-प्रिंटरचे मात्र कदाचित काही मिळणार नाही. ज्या घरी शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न आहे तिथे मी उपदेश करणार नाही. पण ज्या घरात सणाला नवा टीव्ही चाळीस हजारांचा येतो तिथे जुन्याच्या दीडशे रुपयांसाठी एवढी घासाघीस का व्हावी, हे मला कधी उमगलेलं नाही. आपण खंडेनवमीला मिक्सरला, फ्रिजला, हल्ली तर लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो.

नवी वस्तू घेताना 'जुनी द्या, नवी घ्या' अशी योजना असते. तिचा फायदा जरूर घ्या, पण दुकानदाराला विचारा की जुनी पुढे कुठे पाठवता. दसऱ्याच्या गर्दीत तो त्रासिक चेहरा करेल. करू दे. दहा बायकांनी विचारलं की अकराव्या वेळी त्याच्याकडे उत्तर तयार असतं, हा मेणबत्तीपासून फ्रिजपर्यंतचा माझा अनुभव आहे.

आता मोबाइल. पुष्कळ जणी फोन डब्यात ठेवून देतात त्याचं खरं कारण आळस नसून भीती असते. त्यात बाळाचे पहिले फोटो आहेत, आईचा आवाज आहे, बँकेचे निरोप आहेत. ती भीती योग्यच आहे. फोन चालू होत असेल तर आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि उतरले की उघडून बघा. नुसतं 'झालं' असं दिसण्यावर जाऊ नका. बँकेची ॲप आतून नोंदणी काढून मग पुसा. ज्या खात्याने फोन चालतो त्या खात्यातून बाहेर पडा. हे विसरलात तर पुढच्या माणसाला फोन उघडताच येत नाही आणि चांगला चालता फोन भंगारात जातो. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढा. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन फोन मूळ स्थितीला न्या. हल्लीच्या फोनला एवढं पुरतं. संगणक असेल तर हार्डडिस्क काढून घरीच ठेवा किंवा ती आपल्यासमोर भोक पाडून निकामी करायला सांगा. दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देतो.

फोनमधल्या सोन्याविषयी घरात चर्चा होतात म्हणून सांगते. एका फोनमध्ये सोनं अगदी नाममात्र असतं. ते काढायला घरी ॲसिड आणून बसणारे वीर आहेत म्हणे. असा विचार घरात कुणी बोलून दाखवला तर त्याला जपानची गोष्ट सांगा. टोकियोच्या ऑलिंपिकसाठी त्या देशाने २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं लोकांकडून जुनी यंत्रं मागितली. सुमारे ७९ हजार टन वस्तू जमल्या, त्यांत ६२ लाख मोबाइल होते, आणि त्यातून ३२ किलो सोनं निघालं. स्पर्धेची सगळी, म्हणजे ५ हजारांच्या आसपास पदकं त्या गोळा केलेल्या धातूंतून घडवली. एवढ्यांच्या घरातलं आलं तेव्हा ३२ किलो. आपल्या डब्यातल्या सहा फोनांतून काय निघणार!

फुगलेल्या बॅटरीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. फोनची पाठ उचललेली दिसली, लॅपटॉपचा तळ डुगडुगू लागला, की ते चार्जिंगला लावणं त्या क्षणी बंद. टोचायचं नाही, दाबून बसवायचं नाही, मुलांच्या हाती द्यायचं नाही. मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, तेही गॅस आणि पडदे यांपासून लांब, आणि लवकरात लवकर गोळा करणाऱ्यांकडे द्या, सांगून द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत अशी एक बॅटरी दाबली गेली तर पेट घेते. इतर सुट्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ठेवावी.

फ्रिजबद्दल दोन शब्द. बंद फ्रिज गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवून त्यात धान्याचे डबे ठेवण्याची पद्धत आहे. लहान मुलं असलेल्या ठिकाणी त्याचं दार आधी काढून टाका. लपाछपीत मूल आत बसलं आणि दार लागलं तर आतून उघडत नाही. आणि मागची नळी कुणालाही कापू देऊ नका. जुन्या फ्रिजमधला वायू आकाशातल्या ओझोनच्या थराला भोक पाडणारा, म्हणून तर २०१० पर्यंत आपल्या देशाने तो बंद केला. नव्या फ्रिजमधला वायू पेट घेणारा. दोन्ही नुसते सोडून द्यायचे नव्हेत. मायक्रोवेव्हही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरसुद्धा आत विजेचा साठा राहतो.

पण मोडीत काढण्याआधी एकदा दुरुस्तीवाल्याचं तोंड बघाच. मिक्सरमधून ठिणग्या उडून तो थांबला तर पुष्कळदा आतले कार्बन झिजलेले असतात. भांडं फिरत नसेल तर खालचं रबराचं चाक गेलेलं असतं. दोन्ही वस्तू अगदी स्वस्त आहेत. इस्त्री तापत नसेल तर बहुधा वायरच तुटलेली. पुण्यात तपकीर गल्लीत चक्कर टाकली तर कुठल्याही यंत्राचा कुठलाही भाग मिळतो, ही काही अतिशयोक्ती नव्हे. सासूबाईंच्या ट्रान्झिस्टरचं बटणसुद्धा.

दोन-तीन जणींनी ट्यूब आणि सीएफएल दिवा फुटल्यावर काय करायचं ते विचारलं आहे. त्यात अगदी थोडा, काही मिलिग्रॅम पारा असतो. घाबरून जाऊ नका. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा, पंधरा मिनिटं खोली तशीच राहू द्या. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने भुकटी उडते. दोन पुठ्ठ्यांनी तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, ओल्या कागदाने फरशी पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरून वरती 'फुटलेला दिवा' असं लिहून ठेवा. ज्या गाडीवर घातक कचऱ्यासाठी वेगळा डबा असेल तिथे ती बरणी द्या, नाहीतर त्या हळदीकुंकवाच्या खोक्यात. फुटली नसेल तर ट्यूब नव्याच्या खोक्यात घालूनच ठेवावी.

आणि वाकडच्या एका वाचक भगिनीसाठी: रिमोटमध्ये सेल गळून पांढरी पूड साचली असेल तर हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून सेल काढा. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून घट्ट पिळा, त्याने स्प्रिंगा पुसा, मग कोरड्या कापसाने पुसून अर्धा तास उघडं ठेवा. शंभरातले सत्तर रिमोट पुन्हा चालू लागतात. गावाला जाताना, किंवा रिमोट महिनाभर लागणार नसेल तेव्हा, सेल काढून ठेवत जा.